मीटरवर न आलेली रात्र

बसा जरा जवळ. घाबरवायला नाही सांगत. घसा बसलाय, मोठ्यानं बोलवत नाही. माझ्या एरवीच्या गोष्टींत चार आणे खरं आणि बारा आणे मीच असतो, हे तुमच्या आयांनी तुम्हाला सांगितलेलं असणारच. ही तशी नाही. ही माझ्या साडूची आहे, आणि माझ्या साडूला थाप मारता येत नाही. 'यायला उशीर होईल' एवढं साधं खोटं बायकोला सांगायचं तरी त्याचे कान लाल होतात.

दोन वर्षं झाली. जानेवारीची अकरा तारीख, गुरुवार. रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी तो दूध आणायला म्हणून घरातून निघाला. फ्रिजमध्ये दूध होतं. माझ्या मेहुणीनं तसं सांगितलंही. त्यावर तो म्हणाला, असू दे, सकाळी लागेल. चपला घातल्या, मफलर गुंडाळला आणि गेला. कान लाल झाले होते, पण मफलरमुळे दिसले नाहीत.

दुकान डाव्या हाताला होतं. तो उजवीकडे वळला.

उजवीकडे, हमरस्त्याला लागून, इंजिनं बांधणाऱ्यांची ओळ आहे. एक लेथवाला, एक वेल्डर, दोन रेडिएटरवाले आणि शेवटी साडूचं वर्कशॉप. साडू इंजिनफिटर. त्या ओळीत त्याला सगळे कानसेन म्हणत. दुसरे फिटर गाडी आली की आधी दाब मोजायचं गेज लावतात, खालचं ऑइलचं चेंबर उतरवतात, तासभर खुडबूड करतात. हा हातभर लांबीची पितळी नळी घ्यायचा, एक टोक इंजिनाला टेकवायचा, दुसरं उजव्या कानात धरायचा आणि डोळे मिटायचा. दोन मिनिटांनी डोळे उघडून म्हणायचा, चौथ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह. खोलून बघावं तर चौथ्याचाच. तीस वर्षं असं चाललं. ज्या माणसाला तीस वर्षं कुणी 'चुकलास' म्हटलं नाही, त्याचं काय होतं ते तुम्ही माझ्याकडे बघून ओळखा.

आता आतली गोष्ट. त्याचा उजवा कान गेला होता.

एका दिवसात नाही गेला. आधी त्या बाजूची पाखरं गेली. मग दारावरची घंटा गेली. मग बायकोचं बोलणं गेलं, तेव्हा तर त्याला प्रथम फायदाच वाटला. हळूहळू फोन डाव्या कानाला लावू लागला. रात्री अंथरुणात डाव्या कुशीवर पडून उजव्या कानाजवळ चुटकी वाजवून बघायचा. बोटं एकमेकांवर घासलेली कळायची. चुटकी यायची नाही. डावा कान ठणठणीत होता, पण नळी त्या कानाला लावली असती तर सगळ्या ओळीत बभ्रा झाला असता. शिवाय मनात एक पक्कं बसलं होतं, की डाव्या कानाला माणसांचं बोलणं कळतं, इंजिनांचं नाही. म्हणून नळी उजव्यालाच. अर्धं अनुभवावर, अर्धं नशिबावर, असं त्यानं वर्षभर रेटलं. निभावलं. निभावतं, म्हणून तर माणूस रेटतो.

अशात वहिनींचा ट्रक आला.

वहिनी म्हणजे नात्यातल्या नव्हेत, साडूच्या दोस्ताची बायको. हा दोस्त ड्रायव्हर होता. स्वतःचा एकच ट्रक, आणि दिवसभरात दहा शब्द बोलायचा, त्यातले पाच 'हं'. सगळे त्याला मुका म्हणायचे. पण त्याचा पाय बोलायचा. इंजिन तपासायला दोन माणसं लागतात बघा. एक खाली ऐकणारा, एक वर केबिनमध्ये पेडलवर. खालचा ओरडतो, रेस दे. वरचा दाबतो. खालचा म्हणतो, सोड. वरचा सोडतो. काम एवढंच, पण शंभरातल्या नव्वदांना जमत नाही. धाडकन दाबतात, धाडकन सोडतात, आणि खाली ऐकणाऱ्याला वाटतं आपण गिरणीच्या पोटात शिरलोय. मुक्याचा पाय असा, की पेडलखाली अंडं ठेवलं असतं तरी फुटलं नसतं. तो वर आणि साडू खाली असले की इंजिन आपण होऊन कबुली द्यायचं. ओळीतले लोक आपल्या गाड्या तपासायलाही मुक्याला हाका मारायचे.

तो गेला, तोही त्याच केबिनमध्ये. एका गोदामाबाहेर माल उतरवायची वाट बघत थांबला होता. थंडी फार, म्हणून इंजिन चालू ठेवलेलं. रात्री केव्हातरी छातीत कळ आली असणार. हाक मारायचा त्याचा स्वभाव नव्हता. पहाटे गोदामवाल्यांनी काच वाजवली तर डोकं स्टीअरिंगवर, आणि खाली इंजिन चालूच. रात्रभर त्याला घेऊन ते एका जागी उभं धावत होतं.

त्याला दीड वर्ष झालं होतं. आता ट्रक मुलगा चालवायचा. चोवीस वर्षांचा, लग्न ठरलेला, हात चांगला पण पाय बापाचा नाही. ट्रकनं नऊ लाख किलोमीटर ओलांडले होते. मध्ये एकदा, साडेपाच लाखांवर, साडूनंच इंजिन पुरतं बांधून दिलं होतं. आता परत धूर मारायला लागलं होतं, ऑइल पीत होतं, चढावर दम टाकत होतं. प्रश्न एकच. वरून करायचं की पूर्ण बांधायचं?

तुम्हा शहाण्यांना कळावं म्हणून सांगतो. वरून करायचं म्हणजे इंजिनाचं डोकं उतरवायचं, व्हॉल्व्ह बसवायचे, गॅस्केट बदलायचं. खालच्या अंगाला हात लावायचा नाही. चार दिवसांत गाडी रस्त्यावर. पूर्ण बांधायचं म्हणजे अख्खं इंजिन गाडीतून खाली, क्रँक म्हणजे आतला फिरता कणा बाहेर, त्याची बेअरिंगं नवी. महिनाभर गाडी ठोकळ्यांवर. आणि वहिनींच्या ट्रकला शुक्रवारी सकाळी लोखंडी पाइपांची खेप होती. ती वेळेवर पोचली तर वर्षभराचं काम हातात, नाही तर ते काम दुसऱ्याच्या दारात.

रविवारी सकाळी साडूनं नळी लावली. मुलगा वर पेडलवर, वहिनी बाजूला, ओळीतले चारजण चहाचे पेले घेऊन तमाशा बघायला. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट. साडू खाली शिरला, नळी उजव्या कानात घातली, डोळे मिटले.

त्याला काही ऐकू आलं नाही. आणि ऐकू आलं नाही म्हणजे काही नाहीच, असं त्यानं धरलं.

लेथवाला म्हणाला, एकदा गेज लाव, खालचं चेंबर उतरवून बेअरिंग बघून घे, तासाभराचं तर काम. साडू म्हणाला, गेज लावायला मी मेलोय का? सगळे हसले. मग त्यानं हात पुसत निकाल दिला. वरून भागेल. बांधून साडेतीनच लाख झालेत, माझ्या हातचं खालचं काम पाच लाख हलत नाही.

वहिनी पुढं आल्या. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, ती रात्र यात धरलीत का?"

"कुठली?"

"ह्यांची. रात्रभर चालू होतं ना ते."

"उभ्या गाडीचं किलोमीटर पडत नाही, वहिनी. ती रात्र मीटरवर नाही."

"मीटरवर नाही," वहिनी म्हणाल्या, "ते मला माहीत आहे." मग म्हणाल्या, तुम्ही सांगाल तसं.

तर 'तुम्ही सांगाल तसं' झालं. गुरुवारी संध्याकाळी डोकं परत बसलं, इंजिन चालू झालं, धूर कमी झाला. मुलगा खूश. सकाळी सहाला येतो म्हणून गेला. साडू घरी आला, जेवायला बसला, आणि घास तोंडात फिरायला लागला.

खेपेचा रस्ता त्याला माहीत होता. शेवटी अकरा किलोमीटरचा सलग उतार, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काही नाही. पाठीवर पाइप. तिथं खालचं बेअरिंग गेलं तर आतला दांडा इंजिन फोडून बाहेर येतो. मग गिअरवर गाडी थोपत नाही, ब्रेकची हवा भरत नाही, आणि चाकांखाली आपलंच तेल सांडलेलं असतं. त्या केबिनमधून वहिनींनी एकाला उचलून आणलेलं होतं. दुसरा सकाळी सहाला त्यात बसणार होता. कुणाच्या भरवशावर? एका चुटकी ऐकू न येणाऱ्या कानाच्या.

म्हणून दूध.

अकराच्या सुमाराला हमरस्ता निवतो. तेव्हा एकट्यानं, शांतपणे, कुणी बघत नसताना एकदा ऐकून घ्यावं, असा त्याचा बेत. त्यानं शटरमधलं छोटं दार उघडलं, आत गेला आणि आतून कडी घातली. मागची खिडकी उघडली, सायलेन्सरला रबरी पाइप जोडून त्याचं तोंड खिडकीबाहेर काढलं. हे मुद्दाम सांगतोय. तुमच्यातला एखादा हुशार नंतर म्हणेल, बंद खोलीत धूर डोक्यात गेला असेल. खिडकी सताड उघडी होती आणि बाहेरची थंडी आत येत होती.

एकच बल्ब होता, बाकावरचा. ट्रक समोर अंधारात. केबिनमध्ये चढून त्यानं इंजिन चालू केलं, संथ चालीवर सोडलं आणि खाली उतरला. खालचं बेअरिंग थंडीत बोलत नाही, तेल तापून पातळ झालं की बोलतं. वीस मिनिटं तो बाकावर बसून राहिला. अकरा वाजून दहा मिनिटांनी उठला. नव्या गॅस्केटच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा फाडून पुढच्या चाकांमध्ये पसरला आणि त्यावर पाठ टेकून खाली सरकला.

मान डावीकडे वळवली. डावा गाल पुठ्ठ्यावर. उजवा कान वर. नळी उजव्या कानात, दुसरं टोक चेंबरच्या कडेला. कुणी बघत नव्हतं, तरी उजव्याच कानात. सवय हो. माणूस एकटा असतानाही कुणाला तरी फसवतच असतो.

काही नाही. बर्फ कोंबल्यासारखा कान.

आणि तोंडातून गेलं, "रेस दे."

तीस वर्षांची सवय. बोलून गेल्यावर त्याला स्वतःचंच हसू आलं. वर कोण होतं रेस द्यायला?

इंजिनानं रेस घेतली.

एकदम नाही. हळूच. पुठ्ठ्याखालची फरशी थरथरायला लागली, तेवढ्यावरून त्याला कळलं. चाल चढली, एका जागी येऊन थांबली, आणि तिथंच राहिली. न कमी, न जास्त.

पोरगं आलं वाटतं, असं त्याला वाटलं. झोप आली नसेल, गाडी बघायला आलं असेल, आवाज ऐकून वर चढलं असेल. बरं झालं. तो म्हणाला, "सोड."

चाल उतरली. लोण्यातून सुरी निघावी तशी.

तो मनात म्हणाला, पोराचा पाय सुधारला की रे...

मग त्याला कडी आठवली.

दार आतून बंद होतं. कडी त्यानं स्वतः घातली होती. तिचा गार लोखंडी दांडा अजून बोटांना आठवत होता. खिडकीला गज होते.

तो हलला नाही. नुसती नजर वर नेली. पेडलपासून इंजिनाच्या डिझेलपंपापर्यंत एक सळई जाते. पडल्याजागेवरून ती दिसते. तेलानं काळी, बोटाएवढी जाड. इंजिन चालू असलं की ती नुसती थरथरते.

ती थरथरत होती.

मग थरथरायची थांबली. कुणीतरी वरून तिच्यावर भार घेतला होता.

आणि सरकली. अर्धा इंच.

चाल चढली. तेवढीच. त्याच जागी येऊन थांबली. राहिली. सुटली.

परत.

चढली. थांबली. सुटली.

हा पाय त्याच्या ओळखीचा होता.

मुका असाच करायचा. खालच्याला नीट ऐकू आलं नाही, असं त्याला वाटलं की न सांगता परत द्यायचा. बेअरिंगचं दुखणं चाल चढताना नाही सापडत, सुटताना सापडतं. म्हणून सोडताना हळू सोडायचा. अगदी हळू. खालचा 'कळलं' म्हणेपर्यंत देत राहायचा.

साडू कसंबसं म्हणाला, "बंद कर."

बंद झालं नाही.

चढली. थांबली. सुटली.

"बंद कर... बाबा रे."

चढली. थांबली. सुटली...

त्याला बाहेर सरकायचं होतं. पाय हलेनात. डोळे मिटले तर फरशीतून ते जास्तच कळायला लागलं. चढतंय. थांबतंय. सुटतंय. घाई नाही. राग नाही. रात्र पडली होती समोर... सगळी रात्र...

आणि त्याची मान वळली.

त्यानं वळवली नाही, असं तो आजही म्हणतो. मी तीन तीनदा विचारलं. तो म्हणतो, मी मेल्यासारखा पडलो होतो, मान माझी होती पण वळवणं माझं नव्हतं. डावा गाल पुठ्ठ्यावरून उचलला गेला, डोकं सावकाश दुसऱ्या अंगावर आलं. उजवा कान खाली गेला. डावा वर आला. हातातली नळी घसरली आणि डाव्या कानात बसली.

चढली.

थांबली.

सुटली, आणि...

टक.

खोल. जड. घण गोणपाटात गुंडाळून मारावा तसा.

टक... टक... टक.

पाचवा. त्याला विचार करावा लागला नाही. पाचव्याचं खालचं बेअरिंग, आणि नुसतं झिजलेलं नाही, सुटत आलेलं. डाव्या कानाला इंजिनांची भाषा येत होती. पहिल्यापासून येत असणार. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"कळलं," तो म्हणाला. "कळलं मला."

इंजिन बंद झालं.

किती शांत झालं ते काय सांगू. मागच्या खिडकीतून हमरस्त्यावरची एक गाडी लांबून आली, गेली. तापलेलं लोखंड चुटचुट निवत होतं. वर केबिनमध्ये... काही नाही. दार उघडलं नाही. पायरी वाजली नाही. कुणी उतरलं नाही.

म्हणजे, पोरांनो, जे कोण होतं ते उतरलं नाही.

तो बाहेर सरकला तेव्हा पावणेबारा झाले होते. केबिनच्या काचेकडे त्यानं एकदाच बघितलं. सीट रिकामी. इंजिन बंद करायची मूठ त्या जुन्या गाडीला हातानं ओढावी लागते. ती पुरती बाहेर ओढलेली. तेवढं बघितलं आणि परत वर बघितलं नाही. घरी पळून यायचं, तर छोटं दार केबिनच्या अगदी बाजूला. तेवढी तीन पावलं त्याच्यानं टाकवेनात. बाकावर बल्बखाली बसून राहिला. घाम पुसायलाही हात उचलला नाही.

सहाला दहा कमी असताना शटर वाजलं. वहिनींचा आवाज डाव्या कानानं ओळखला, मगच उठला आणि कडी काढली.

वहिनी आणि मुलगा. मुलानं अंघोळ-बिंघोळ करून चांगला सदरा घातलेला, हातात डबा. किल्लीसाठी हात पुढे केला. साडूनं सांगितलं, गाडी जाणार नाही. पूर्ण बांधावी लागेल. पाचवं बेअरिंग गेलंय.

मुलाला आधी चेष्टा वाटली. मग तो भडकला. म्हणाला, काका, रविवारी चार माणसांसमोर काय म्हणालात तुम्ही? तुमच्याच शब्दावर आम्ही माल घेतला. आता रात्रीत बेअरिंग कसं गेलं, का घरी स्वप्न पडलं? त्याचं बोलणं खोटं नव्हतं. साडूकडे उत्तरं दोनच होती. एक सांगितलं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. दुसरं सांगितलं तर धंदा बसला असता.

त्यानं दुसरं सांगितलं.

"रविवारी मला ऐकू आलं नव्हतं," तो म्हणाला. "माझा उजवा कान गेलाय. वर्ष झालं. मी अंदाजानं बोललो."

मुलानं किल्लीसाठी पुढे केलेला हात खाली घेतला. असं बोलणाऱ्या माणसावर पुढं काय ओरडायचं, ते त्याला सुचेना. पण माल सोडायलाही तयार नव्हता. म्हणाला, मग आता तरी खरं कशावरून? रविवारी अंदाज, आज अंदाज. मी निघतो. जे व्हायचं ते होईल. आणि केबिनची पायरी चढलाही.

वहिनींचं लक्ष मुलाकडे नव्हतं. त्या साडूच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना नीट दिसावं म्हणून की काय, त्यांनी बाकावरचा बल्ब वायरीला धरून जरा त्याच्याकडे वळवला.

डाव्या गालावर काळ्या तेलाचा पंजा होता.

डाग नव्हे, पंजा. तळवा जबड्यावर, चार बोटं कानाच्या वरपर्यंत गेलेली, अंगठा नाकाशेजारी. चापट मारल्यासारखा नाही. मूल झोपेत चुकीच्या अंगावर वळलं तर आपण गालाला हात लावून त्याचं डोकं सरळ करतो ना, तसा.

वहिनी जवळ आल्या. त्यांनी हात उचलला, बोटं पसरली आणि त्या पंजावर धरली. टेकवली नाहीत, मध्ये बोटभर हवा राहिली. त्यांचा हात लहान. पंजाची बोटं त्यांच्या बोटांच्या पेरभर पुढं दिसत होती. मग मूठ मिटली.

साडू म्हणतो, त्या विचारतील असं वाटलं. काय झालं, कुणी केलं, काहीतरी. त्या केबिनकडे वळल्या.

"खाली उतर," त्या मुलाला म्हणाल्या.

"आई, अगं माल..."

"उतर."

तो उतरला. वहिनी साडूला म्हणाल्या, "पूर्ण बांधा. लागेल तेवढा वेळ घ्या." आणि दारातून बाहेर पडताना, पाठमोऱ्याच, म्हणाल्या, "तोंड लगेच धुऊ नका."

मी पोचलो दुपारी चारला. दूध आणायला गेलेला नवरा दुसऱ्या दिवशी चारपर्यंत घरी आला नाही, म्हणून मेहुणीनं मला पिटाळलं होतं. तोवर लेथवाल्याला हाताशी घेऊन त्यानं खालचं चेंबर उतरवलं होतं. पाचव्याचं बेअरिंग बाकावर कागदावर ठेवलेलं होतं. वरचा थर उडून आतलं तांबं उघडं पडलेलं, एका जागी कागदासारखं पातळ, आणि ते धरून ठेवणाऱ्या बोल्टाला अर्ध्यातून चीर. लेथवाला ते उलटसुलट करत म्हणत होता, उतारापर्यंतसुद्धा गेली नसती. माल गेला तो गेलाच, वर्षाचं कामही दुसऱ्यानं नेलं. मुलगा शटरला टेकून बसला होता. बेअरिंग हातात घेऊन बघून झालेलं असावं, कारण त्याचीही बोटं काळी होती.

साडूनं मला मागं नेऊन सगळं सांगितलं. मी कसा आहे तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्याच्या गोष्टीवर माझा पटकन विश्वास बसत नाही, कारण गोष्टी कशा बनतात ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, अरे, गॅरेज आहे हे. तेलातुपात लोळतोस तू. खाली पडलेल्या तेलाचा डाग लागला गालाला, त्यात तुझाच हात फिरला असेल. त्यानं आपला हात पंजावर धरून दाखवला. त्याचाही लहान पडला. मग तो म्हणाला, उजव्या गालाला लागला असता तर मीही तेच म्हटलं असतं. वर असलेल्या गालावर हात कुठूनही फिरतो. पण उजवा गाल वर होता. हा डावा आहे. हा खाली पुठ्ठ्याला टेकलेला होता, आणि तिथूनच डोकं उचललं गेलं.

तेव्हा मी वाकलो. चेंबर उतरवायच्या आधी साडूनं तो पुठ्ठा बाकाखाली सरकवला होता, रात्रीनंतर त्यावर कुणी पडलं नव्हतं. ओढून बाहेर काढला आणि उजेडात नेला.

पांढरा होता, तेलाचा ठिपकाही नाही. मी उलटा करून बघितला. तिकडूनही पांढरा.